खुर्ची आणि हरकत

४ मार्च

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

शत्रूवरही येऊ नये असा प्रसंग सोमवारी माझ्यावर गुदरला. माझी खुर्ची गेली. बावीस वर्षांत तिला माझा आकार आला होता आणि मला तिचा. आमच्या गृहनिर्माण विभागात येणाऱ्या नागरिकांना बसायला जागा नाही, अशी तक्रार आली. विभागाने तातडीने प्रतीक्षा कक्ष मंजूर केला. खुर्च्या विकत घ्यायला तरतूद नव्हती, म्हणून कारकुनांच्या उचलून आत ठेवल्या. कक्षाला सध्या कुलूप आहे, कारण उद्घाटनासाठी साहेबांना वेळ नाही. नागरिक बाहेर उभे आहेत. फरक इतकाच की आता आम्हीही उभे आहोत.

मी मात्र तोड काढली आहे. आमच्याकडे लोकांच्या हरकती येतात आणि त्या ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची जागा दीड वर्ष रिकामी आहे. त्यामुळे हरकतींचे गठ्ठे गोणपाटात बांधून ठेवतात. त्यातल्या एकावर उशी टाकून मी बसतो. जनतेच्या गाऱ्हाण्यांचा मला प्रथमच आधार वाटतो आहे.

जुन्या गोदामाच्या जागेवरच्या चौऱ्याऐंशी घरांसाठी अकराशे अर्ज आलेत. तुझा कोणत्या कपाटात आहे ते मी पाहिलेलं नाही. भाऊ आत आहे म्हणून घर मिळालं असं कुणी म्हणायला नको, तेव्हा निकालापर्यंत माझ्या दारात यायचं नाही, अशी तू शपथ घातलीस. ती पाळतो आहे. दोन बस बदलून जिथे पोचता येतं तिथल्या बहिणीची खुशाली पोस्टाने विचारणारा गावात मी एकटाच असेन. या आठवड्यात निरीक्षक खोल्या पाहायला निघतील. भाचीचा खोकला कसा आहे?

लोभ खुर्चीसारखा काढून घेऊ नये.

तुझा,
बोरू

११ मार्च

चि. बोरूस,
अ. उ. आ.

पन्नाशी आली तरी खुर्चीसाठी रडतोस. लहानपणी पाटासाठी रडायचास. मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं उभ्याने चादरी पिळल्या, पण कुणाला दीड पान लिहिलं नाही.

निरीक्षक काल येऊन गेले. पोरगाच आहे, पण रीतभात आहे. चपला बाहेर काढल्या. माणूस घरी यायचा आणि त्याला काय ती काळी भिंत दाखवायची? पोरीच्या पलंगामागची ओल पार छतापर्यंत चढली होती, बुरशी धरली होती. खालच्या मजल्यावरच्या रंगाऱ्याकडून पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा उसना आणला आणि दोन दिवसांत भिंत अशी केली की पोरगी म्हणाली, आई, आपण चुकून दुसऱ्याच्या खोलीत आलो का. छताच्या गळतीखालची बादली बाथरूममध्ये लपवली. निरीक्षकांनी दोनदा चहा घेतला. म्हणाले, एका खोलीत इतकं नीटनेटकं घर या सबंध इमारतीत पाहिलं नाही. खूप वेळ लिहीत होते. मला तर वाटतं, आपलं काम झालं.

खोकला आहे तसाच. रंगाच्या वासाने दोन दिवस जास्त होता. डॉक्टर म्हणतात कोरडी खोली हवी. ती काही औषधाच्या दुकानात मिळत नाही.

गठ्ठ्यावर जपून बस. तब्येत सांभाळावी आणि आमची आठवण ठेवावी.

तुझी,
ताई

१४ मार्च

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, हे काय करून बसलीस? घरं गरज पाहून देतात. ओलीला वीस गुण, गळतीला पंधरा, आजारी माणसाला दहा, तेही खोलीमुळे आजार असेल तर. त्या पोराने जे दिसलं ते लिहिलं असणार, आणि दिसली ती तुझी पांढरी भिंत. इथे लोक निरीक्षक यायच्या आधी भिंतीवर पाणी मारतात. रंग मारणारी तू पहिली.

चूक तुझी नाही. खुर्चीवर दीड पान खर्च केलं, आणि भिंतीला हात लावू नकोस ही एक ओळ लिहायची राहिली. हुशारी दाखवायच्या नादात मी आयुष्यभर मुद्द्याचंच विसरत आलो.

यादी लागली की तीस दिवसांत हरकत घे. रजिस्टर पोस्टाने. डॉक्टरांची चिठ्ठी जोड.

रागावली असशील तरी लोभ कायम असावा.

बोरू

९ एप्रिल

चि. बोरूस,
अ. उ. आ.

यादी पाहिली. आपलं नाव सातशेव्या नंबराच्या आसपास कुठेतरी असेल, मी तिथवर वाचलं नाही. शेरा मात्र घरी आला, दारावर चिकटवूनच गेले: ‘खोली राहण्यास योग्य, स्थिती समाधानकारक.’ पोरीने तो वाचला आणि हसता हसता तिला उबळ आली. रंगाला आता फुगे आलेत, खालची ओल पुन्हा वर चढते आहे. आधी इतकी घाई कधी केली नाही तिने.

हरकत पाठवली. डॉक्टरांची चिठ्ठी, भिंतीचा फोटो, बादलीचा फोटो, सगळं जोडलं. तुला दाखवली नाही आणि तूही शोधू नकोस. मला माझ्या भिंतीच्या बळावर घर हवं, भावाच्या नको. निरीक्षकांना दोष देऊ नकोस, मुलगा चांगला होता.

काळजी करू नये, वेळेवर जेवावं.

ताई

२२ एप्रिल

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

शोधणार नाही, शब्द दिला. मुदतीत पोचली म्हणजे झालं, कुणीतरी उघडेलच. हरकतींचा अधिकारी नेमणार अशी बोलवा आहे. जवळजवळ खरी वाटावी इतकी ती जुनी आहे.

इकडे माझी बरी सोय झाली आहे. शिपायाने नव्या टपालाची भर घालून माझा गठ्ठा पुन्हा बांधला, त्यामुळे बैठक चार बोटं उंच झाली. मान अवघडायची थांबली. साहेब येता जाता म्हणाले, बोरू, तुमची प्रगती दिसते.

भाचीला सांग, मामा तिच्या नव्या खोलीसाठी पडदे घेणार आहे. रंग तिने निवडावा.

लोभाची उंचीही अशीच वाढती राहो.

बोरू

१६ मे

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

काल खुर्च्या परत आल्या. प्रतीक्षा कक्षात आता नकाशांची कपाटं ठेवायची ठरली. शिपायाने माझा गठ्ठा उचलला, गोणपाट सुटलं. वरूनच तिसरं पाकीट तुझ्या अक्षरातलं. तुझा तो लांबट ‘ग’ मी लांबूनही ओळखतो. पाकीट मुदतीत आलं, ताई. शिक्का आहे, बारा एप्रिल. पण ते मुदतीत उघडलं गेलं नाही, आणि न उघडलेली हरकत नियमाने आलेली नसते. त्या चार बोटांच्या उंचीत तूही होतीस. मी तुला पत्रात सुखाची बैठक म्हणून कळवलं ते हेच.

साहेबांकडे गेलो. बावीस वर्षांत प्रथमच कुणासाठी गेलो. तुझा शब्द मोडला. साहेब सज्जनपणे म्हणाले, हिची उघडली तर उरलेल्या तीनशे दहा उघडाव्या लागतील, आणि घरं तर कालच वाटली गेली. चौऱ्याऐंशी लोकांना चाव्या मिळाल्या. मी यादी वाचली. सगळेच गरजू आहेत. शिव्या द्याव्यात असा एकही सापडला नाही.

खुर्ची समोर आहे. मी उभ्याने लिहितो आहे.

लोभ मागण्याचा अधिकार मला नाही.

बोरू

२७ मे

चि. बोरूस,
अ. उ. आ.

बस त्या खुर्चीवर. उभं राहून तुझ्या पायाला सूज येईल आणि माझी हरकत काही उघडणार नाही.

नगरपालिकेच्या बांधकाम खात्याने इमारत धोकादायक ठरवली. कागद दारावर चिकटवला, तोही नेमका समाधानकारकच्या शेजारी. आठ दिवसांत रिकामी करा म्हणतात. तात्पुरत्या पत्र्याच्या शेड आहेत, पण त्या राहण्यास अयोग्य खोल्यांतल्या लोकांना. आमची योग्य आहे. मी खिडकीवरच्या बाईंशी भांडले नाही. त्यांच्याही मागे रांग होती.

मी नणंदेकडे जाते आहे. स्वयंपाकघरात झोपायला जागा आहे, एकीची. पोरगी दुसऱ्या गावी नोकरदार मुलींच्या वसतिगृहात गेली. आठ जणींची खोली, पण कोरडी आहे म्हणते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिचा खोकला मला ऐकू येत नाही. बरा झाला की लांब गेला, कळायला मार्ग नाही. पडदे घेऊ नकोस.

एक काम राहिलं. रंगाऱ्याचा अर्धा डबा द्यायचा आहे. त्याला शेड मिळाली. त्याने मागितला नाही, म्हणून जास्त टोचतं.

माया आहे ती आहेच, ती मागावी लागत नाही.

ताई

१५ जून

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

काल रंगाऱ्याच्या शेडवर गेलो. अर्धा डबा दुकानात मिळत नाही, म्हणून पूर्ण घेतला, पांढराच. नको नको म्हणाला, मग तुझी चौकशी केली. पत्र्याला आतून पाणी सुटतं, त्याची धाकटी आता खोकते. पुढच्या महिन्यात निरीक्षक शेड पाहायला येणार आहेत. तो डबा हातात घेऊन भिंतीकडे पाहत होता.

मी त्याला पलंग पुढे ओढायला मदत केली, म्हणजे ओल नीट दिसेल. मग डबा पलंगाखाली पार मागे सारला आणि सांगितलं, निरीक्षक जाईपर्यंत झाकण उघडू नका.

तुझा,
बोरू