अंतऱ्यातली अकरा मात्रांची जागा

तीर्थस्वरूप जयाआत्यास,

हिंगणघाटहून आकांक्षाचा बसलेल्या गळ्याने साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, फुवाजींचा बीपी आणि गोठ्यातली नवी कालवड, सगळं ठीक आहे असं धरून चालते, कारण इथे एकही गोष्ट ठीक नाही. (फोन का केला नाही म्हणशील. तुझा फोन फुवाजी स्पीकरवर घेतात, आणि हे सगळ्या वडनेरला ऐकवण्यासारखं नाही. म्हणून तबलेवाल्या प्रफुल्लच्या हाती चिठ्ठी.)

येत्या रविवारी नानाजी मला गंडा बांधणार आहेत. नातीची शिष्या व्हायला दहा वर्षं लागली. पहाटे पाचला खर्ज लावून लावून माझा आवाज असा झालाय की शेजारच्या प्रमिलाबाई विचारून गेल्या, घरात कोणाला दम्याचा त्रास आहे का. गंड्याआधी चार जाणकारांसमोर आपल्या घरची बागेश्रीतली चीज म्हणायची असते, आधी गुरूनं, मागून शिष्यानं. तुला माहीतच आहे, ती चीज कागदावर लिहायची नाही, फोनमध्ये भरायची नाही, गुरूच्या तोंडूनच घ्यायची. तशी मी दोन वर्षांपासून घेते आहे, आणि तिथेच घोळ झाला.

अंतऱ्याची पहिली ओळ झाली की नानाजी थांबतात. हात मांडीवर तसाच, नजर पंख्याकडे, आणि मग मान हलवून थेट स्थायीवर. मला वाटलं, ही आपल्या घराण्याची खास जागा. मीही घोटली, पंख्यासकट. (गुरूचं बसणं-उठणंही उचलावं म्हणतात, मग पंखाच का सोडायचा?) अडचण एवढीच की ते थांबणं कधी पाच मात्रांचं, कधी नऊ, एका गुरुवारी तर अकरा. मी वहीत टिपून ठेवायला लागले. (चीज लिहायची नाही, पण थांबणं लिहू नये असं कोणी सांगितलेलं नाही.) यात काहीतरी अवघड लयकारी दडली आहे, असा माझा पक्का समज. माझ्याबरोबर शिकणारी स्वीटी जवळची मैत्रीण, पण तिलाही मी ती वही दाखवली नाही.

गेल्या मंगळवारी मी हिंमत करून अकरा मात्रांची जागा घेतली. प्रफुल्लनं तबल्यावरचा हात उचलला आणि म्हणाला, "काऊन थांबून राह्यली? अंतरा अर्धाच झाला, पुढची ओळ म्हण ना."

मी नानाजींकडे बघितलं. ते पंख्याकडे नाही, जमिनीकडे बघत होते. आज घसा बरा नाही म्हणाले आणि उठून आत गेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे ओळ आहे, आणि ती त्यांना आठवत नाही. आत्या, दोन वर्षं मी त्यांचं विसरणं पाठ केलं. हसू नकोस. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बाकी विशेष नाही. रविवारी ये. येताना चिवड्यासाठी पातळ पोहे आण.

तुझी भाची,
आकांक्षा

ता. क. पोहे इथेही मिळतात. बाबा म्हणाले, ती ओळ आता फक्त तुझ्याजवळ आहे. पोरगी परक्या घरी जाणार म्हणून नानाजींनी तुला गंडा बांधला नाही, आणि त्या दिवसापासून तू गायली नाहीस, हेही त्यांनीच सांगितलं. कोणत्या तोंडानं मागू? पण शनिवारीच ये आणि मला हळूच शिकव. नानाजी अडले की मी घाई केल्यासारखी पुढची ओळ उचलीन, लोक मला उतावीळ म्हणतील, म्हणू देत. चार लोकांसमोर त्यांची मान खाली गेलेली मला बघवणार नाही. त्यांना मात्र यातलं काही कळू देऊ नकोस.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना मागे नानाजी उभे. काय लिहिलं ते वाच म्हणाले. मी गुडघे, कालवड आणि पोहे एवढंच वाचलं. त्यांनी पाकीट माझ्या हातून घेऊन पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "जयाले खरं लिही. बाप ओळ विसरला म्हणून लिही. म्हणाव, येजो. आता बाप समोर बसतो, तू शिकव."

तसं लिहिलं आहे.