पाण्याला अडवणारी मिशी

आदरणीय दाजी,

वाल्मीकचा सटाण्यापर्यंत वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे सगळे जिवंत आहेत. एरवी हे लिहावं लागत नाही, पण वेळच तशी आली.

तुमचे सासरे, आमचे आण्णा, पिशवी घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी त्यांची बाजू सांगितलीच असेल. आता माझी ऐका. गेल्या रविवारी आमच्या तरणतलावावर पंचेचाळिशीपुढच्या पुरुषांची शर्यत होती. (हसू नका, मी रोज पोहतो.) आमची प्रशिक्षक तेजस्विनी म्हणाली, हवेपेक्षा पाणी माणसाला कितीतरी जास्त अडवतं आणि केस त्यात भर घालतात. तिचं म्हणणं एवढंच, की रबरी टोपी घाला. पण टोपीनं माझं डोकं दुखतं, म्हणून मी डोकंच साफ केलं. न्हाव्यानं हळूच विचारलं, मिशीचं काय? म्हटलं, केस ते केस, काढ. त्यानं मिशी उतरवली आणि न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुकानाबाहेर, गंगापूर रोडवर, आमच्या भावकीतला कळवणचा झुंबर भेटला. माझ्या डोक्याकडे बघून त्यानं माझा हात घट्ट दाबला. डोळे भरले होते, तसाच घाईनं निघून गेला. मला वाटलं, शर्यतीसाठी शुभेच्छा देतोय. मी पाण्यात उतरेपर्यंत त्यानं सगळ्या भावकीला फोन केले होते. शुभांगी माहेरी, घराला कुलूप. दुपारी ओट्यावर ही गर्दी, पिठलं-भाकरीच्या डब्यांसकट. आण्णा देवळातून आले, चपलांचा ढीग पाहिला, कुणीतरी गेलंय हे ओळखलं आणि रीतीप्रमाणे कडेला बसून उपरण्यात तोंड घालून रडले. रडून झाल्यावर शेजारी बसलेल्याला विचारलं, "कोण गेलं रं?"

"आण्णा गेले," झुंबर मान वर न करता म्हणाला. "लय भला माणूस व्हता."

मी पोचलो तेव्हा सगळे मुकाट्यानं पिठलं-भाकरी खात होते (आणलेलं अन्न वाया कशाला घालवायचं?), आण्णा सोडून. ते माझ्या वरच्या ओठाकडे बघत होते. "बाप जित्ता हाय अन् मिशी काढली," एवढंच बोलले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.

शर्यतीत मी शेवटून पहिला. जिंकला त्याची दाढी छातीपर्यंत होती. तेजस्विनीच्या मते पाणी माझ्या केसांना नाही, पोटाला अडवत होतं.

तुमचा मेहुणा,
वाल्मीक

ता. क. आण्णांना परत पाठवा, असं मी म्हणत नाही. राहू द्या, तेवढाच हवापालट.

ता. क. २: वरचं खोटं आहे. घर खायला उठतं. शनिवारी मी त्यांना न्यायला येतोय. मिशी अजून उगवलेली नाही आणि त्यांना पाहिल्यावर मला रडू येणार, हे नक्की. टकला मुलगा दारात रडताना दिसला की तुमची गल्ली लगेच डबे भरायला घेईल. म्हणून आण्णांना पुढे ओट्यावर, सगळ्यांना दिसतील असे बसवून ठेवा.