घेवड्याचा उलटा वेढा

माण, २८ ऑक्टोबर १९७९, रविवार

आज परसात आबांपाशी तेवीस वर्षांपूर्वीची लबाडी कबूल केली. कॉलेजच्या दिवाळी सुट्टीत मी त्यांना ऐटीत सांगितलं होतं, "आरशात जे दिसतं, तेही निसर्गात घडू शकतं. त्याला डावं-उजवं नसतं."

"मग ह्यो घेवडा कायम एकाच बाजूनं का चढतुया?"

मी वेल सोडवून काठीवर उलटा गुंडाळला, सुतळीनं बांधला. सकाळी शेंडा सुटून पुन्हा आपल्याच वळणावर. आबा उठायच्या आत परत उलटा बांधला आणि म्हणालो, "बघा, राहिला!" दवानं ओली झालेली ती सुतळी अजून बोटांना आठवते.

पुढच्याच वर्षी प्रोफेसर म्हणाले, किरणोत्सर्गाच्या प्रयोगात दिसलंय, निसर्ग डावं-उजवं ओळखतो. वेलाचं कारण तेच, असं मला म्हणता येणार नाही. पण मी खोटं बोललो, ते? इतकी वर्षं का नाही सांगितलं?

आज हे ऐकून आबा हसले. "सुतळीची दुसरी गाठ दिसली व्हती की मला. पन तू लई दिसांनी घरी आल्तास, खुशीत व्हतास."

"आणि वेल?"

"तू पुण्याला गेलास, मंग सोडला त्याला."