ब्रांदोलीच्या नावाची सव्वा मूठ

११ ऑगस्ट, रविवार

आज कानबाई बसली. नारळाला नथ घातली, काजळ लावलं, माझ्या लग्नातली ठुशी घातली. इतकी देखणी दिसते की नजर काढून टाकावीशी वाटली. सुनेला म्हटलं, दुर्गा, बघ गं, हसते आहे. ती म्हणाली, आत्या, आधी पुरण वाटा.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सिल्वासात येऊन म्हातारी झाले, पण खानदेशची ही श्रावणातली देवी सोडली नाही. तिच्या प्रसादाच्या रोटासाठी गहू घेतात ते घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने, प्रत्येकी सव्वा मूठ. एक माझ्या मुलाची, वाल्मिकची. एक नातवाची, विकीची. दुर्गा आत गेली तशी मी पटकन तिसरी घेतली. ब्रांदोलीच्या नावाची.

ब्रांदोली इटलीत असतो. फुटबॉलमध्ये सगळ्यांच्या पुढे राहून गोल मारतो, त्याला स्ट्रायकर म्हणतात. आपला विकीपण स्ट्रायकर. इथे जवळच सायली गावात धाग्याच्या कंपनीत होता, तिथल्या टीमकडून असा खेळायचा की पोरं त्याला ब्रांदोलीच म्हणायची. मी त्याच्या शेजारी बसून मोबाइलवर सगळा खेळ शिकले. ऑफसाइडसुद्धा. विकी म्हणाला होता, आजी, नळावर आपला नंबर यायच्या आधीच पुढे जाऊन हंडा लावला तर बायका कशा ओरडतात, तेच हे. मला लगेच कळलं. वाल्मिकला अजून कळत नाही.

जूनमध्ये विकी नोकरी सोडून गोव्याला गेला, तिकडच्या क्लबात घेतील म्हणून. निघताना म्हणाला, आजी, ब्रांदोलीने गोल केला की मी तुला फोन करणार, पक्कं. वाल्मिक दारातच होता. तो म्हणाला, लागलेली नोकरी सोडून चाललास ना, मग परत या दारात पाय ठेवू नकोस. ते आपलं रागातलं. बाप माणूस बोलतोच.

रोट बाहेरच्याला देत नाहीत. म्हणून तर मूठ घातली. नावाचा रोट झाला म्हणजे ब्रांदोली घरचाच झाला, आता कानबाईला त्याच्याकडे बघावंच लागेल. त्याचा वाटा मीच खाल्ला. विकीचापण. पोट गच्च झालं आहे.

या वर्षी ब्रांदोली भरपूर गोल करणार.

२ सप्टेंबर, सोमवार

केला! केला! सोनीने सकाळी मोबाइल बघून सांगितलं. सोनी म्हणजे विकीची बहीण, कॉलेजात जाते, ब्रांदोलीची बातमी तीच आणते. डोक्याने मारला म्हणे.

आणि दुपारी फोन! शब्दाला किती पक्का पोरगा. म्हणाला, आजी पाहिलंस का. मी म्हटलं, पाहिलं काय, घालायला मीच लावला. खूप हसला. जेवलास का विचारलं, तर मासे खाल्ले. क्लबवाले खेळवतात का विचारलं, तर म्हणाला, प्रॅक्टिस चालू आहे. मागून कोणी ओरडत होतं, दोनशे चारची चादर बदलली का रे. क्लबने हॉटेलात उतरवलेलं दिसतं. काय थाट!

वाल्मिक भिंतीकडे तोंड करून पडला होता. नाइट शिफ्टवरून आला की तसाच झोपतो. फोन ठेवल्यावर उठून पाणी प्याला. झोप लागली नव्हती वाटतं.

७ ऑक्टोबर, सोमवार

सोनी म्हणाली, आजी, ब्रांदोलीला बेंचवर बसवतात आता. मी म्हटलं, मग? मोठ्या माणसाला बसवणारच. बावीस जण पळतात आणि तो सावलीत बसून बघतो, आपल्या कंपनीत मॅनेजर नाही का बसत. तिला अजून समज कमी आहे.

बसल्या बसल्या गोल होत नाही ही एक अडचण आहे खरी.

शेजारच्या ममताबेनला सगळं ठाऊक. भाजीवाल्यासमोर मुद्दाम विचारते, मासी, तमारो इटलीवाळो केम छे? मी पण सांगितलं, मजामां छे, बेठो छे. भाजीवालासुद्धा हसला. हसू देत. गिलकी स्वस्त दिली त्याने.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

विकीचा फोन नाही. बरोबरच आहे. गोल नाही तर फोन नाही. दिवाळी आहे म्हणून उगाच फोन केला असता तर शब्दाला काय किंमत राहिली?

दुर्गाने त्याच्या वाटच्या करंज्या वेगळ्या काढल्या. मी म्हटलं, पाठवून देऊ. कुठल्या पत्त्यावर, ती म्हणाली. मी म्हटलं, क्लब, गोवा. एवढा मोठा खेळाडू, पोस्टमनला माहीत नसेल का. दुर्गा आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. धुराने तिच्या डोळ्यांना फार पाणी येतं हल्ली. गॅसवर धूर कसा होतो ते कळत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

मोठी बातमी. ब्रांदोलीला दुसऱ्या टीमने उसना नेला. खेळात अशी पद्धत आहे, माणूस उसना देतात. सोनी तोंड पाडून सांगत होती, खालच्या लीगमधली टीम आहे गं आजी, त्याच्या टीमला तो नको होता.

मला हसूच आलं. उसनं कोण काय मागतं? माझी पुरणाची चाळण अख्खी चाळ मागते, कारण ती चांगली आहे. भोक पडलेली कोणी मागितली का कधी? आणि ती टीम त्याच्या गावाजवळची आहे म्हणे. म्हणजे माणूस घराकडे सरकला. शुभच आहे.

आजपासून रोज कानबाईच्या नावाने एक निरांजन. (चार दिवस लावलं. तेल कडाडलं आहे. आता फक्त रविवारी.)

१६ फेब्रुवारी, रविवार

विशाल आला होता. विकीबरोबर खेळायचा, आता मसाटला वाल्मिकच्याच कंपनीत आहे. मित्राच्या लग्नाला गोव्याला गेला, तिथे विकी भेटला. मी चहा टाकला, पोहे केले, दार लोटून घेतलं आणि म्हटलं, सांग, कसा खेळतो?

विशाल पोहेच चिवडत बसला. मग म्हणाला, आजी, क्लबने त्याला ऑगस्टमध्येच नाही म्हटलं. हॉटेलात लागला आहे. खोल्यांच्या चादरी वर-खाली नेतो. दिवाळीत पोरांबरोबर असाच खेळायला गेला आणि गुडघा फिरला, तेव्हापासून लंगडतो. विकी म्हणाला आहे, घरी बोलू नको, बाबांना तर नकोच नको.

मी सगळं नीट ऐकून घेतलं. विशालला खेळातलं कळतं, पण वरवरचं. ओझं घेऊन जिने चढणं हा व्यायाम आहे. मांड्या भरतात. आणि गुडघा कोणाचा जात नाही? ब्रांदोलीचा दोनदा कापला आहे, सोनीने फोटो दाखवला होता. स्ट्रायकरचा गुडघाच जातो, कारकुनाचा जातो का?

विशालला निक्षून सांगितलं, वाल्मिकला बोलू नकोस, तो उगाच काळजी करेल. जाताना वाल्मिक गेटपाशी भेटलाच त्याला. दोघं बराच वेळ उभे होते. कंपनीतलं काही असेल.

संध्याकाळी विकीचे बूट माळ्यावरून काढून धुतले. तळव्याला मैदानातली माती अजून होती. ती तशीच ठेवली.

२४ मार्च, सोमवार

गोल!!

सोनी ओरडतच आली. उसन्या टीमकडून काल मारला. मी आज नळावर गेले नाही, देवळात गेले नाही. मोबाइल पदराखाली घेऊन बसले आहे. बॅटरी फुल आहे. रेंज आहे. सोनीने मुद्दाम ममताबेनच्या घरून फोन लावून बघितला, वाजतो.

दुपार झाली. हॉटेलात दुपारी पाहुणे येतात, तेव्हा नसेल जमत.

संध्याकाळ. करेल आता.

२५ मार्च, मंगळवार

तो गोल ऑफसाइड असणार.

सोनी म्हणते, नाही गं आजी, दिला गोल, हा बघ स्कोअर. तिला ऑफसाइड कळत नाही. मला कळतं. विकीलापण कळतं. म्हणूनच त्याने केला नाही फोन.

९ जून, सोमवार

ब्रांदोलीने खेळ सोडला.

सोनीने व्हिडिओ दाखवला. मैदानात उभा राहून रडत होता, एवढा दाढीवाला गडी. शेवटी एक म्हातारा काठी टेकत आला आणि त्याला पोटाशी धरलं. बाप होता त्याचा. मी विचारलं, आता काय करणार म्हणे हा? सोनीने वाचून सांगितलं, आता घरी जाणार, बापाचं दुकान आहे, ते बघणार.

मला आधी फार वाईट वाटलं. आता गोल नाही म्हणजे फोन नाही, कधीच नाही. भाजी करपली त्या नादात. मग एकदम डोक्यात उजेड पडला. विकी लहानपणापासून ब्रांदोली करेल तेच करत आला. केस त्याच्यासारखे, चालणं त्याच्यासारखं, गुडघासुद्धा त्याच्यासारखा. मग ब्रांदोली घरी गेला तर हा कुठे जाणार? घरीच!

एवढं साधं आधी कसं सुचलं नाही. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२० जुलै, रविवार

सोनीकडून विकीला मेसेज टाकला. मी सांगितलं तसाच लिहायला लावला. ब्रांदोली घरी गेला. त्याच्या बापाने त्याला जवळ घेतलं. तीन तारखेला कानबाई आहे. तू ये. मासे मिळणार नाहीत, पुरणपोळी आहे.

उत्तर आलं! आख्खं घर डोक्यावर घेतलं मी. अंगठा आला.

सोनी म्हणाली, आजी, अंगठा म्हणजे नुसतं वाचलं, असंपण असतं. मी म्हटलं, गप. माझ्या आईला सही येत नव्हती, तिने आख्खं शेत अंगठ्यावर माझ्या भावाच्या नावे केलं, कोर्टानेसुद्धा मानलं. अंगठा म्हणजे कबूल.

वाल्मिक जेवत होता. दुर्गा आमटी वाढत होती तेव्हा त्याने विचारलं, वापी स्टेशनला गोव्याच्या गाड्या किती वाजता येतात? कोणाला विचारलं कोण जाणे. आमटीकडे बघून विचारलं.

२ ऑगस्ट, शनिवार

गहू घेतले. वाल्मिकची सव्वा मूठ. विकीची सव्वा मूठ, जरा मोठी धरली. ब्रांदोलीची घेतली नाही. त्याला आता त्याचं घर आहे, बाप आहे. आमचं काम झालं.

बूट खिडकीत ठेवले, आल्या आल्या दिसतील असे.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. वाल्मिकने छुट्टी घेतली होती. सकाळी मोटरसायकल घेऊन गेला, नारळ आणतो म्हणाला. नारळ घरात होते. दुपारी एकटाच आला, चिंब भिजून. नारळ आणायला विसरला.

पावसाने गाड्या लेट असतील.

४ ऑगस्ट, सोमवार

दमणगंगेच्या पाण्यात कानबाई शिरवली. बायका गाणी म्हणत होत्या, मी पण म्हटली. परत येताना वाल्मिकने फोन हातात घेतला, बराच वेळ त्यावर अंगठा धरून चालत होता. मग खिशात ठेवला.

विकीचा रोट डब्यात आहे. पौर्णिमेपर्यंत चालतो. घाई कसली.

७ ऑगस्ट, गुरुवार

छुट्टी मिळाली नसेल. हॉटेलात श्रावणात गर्दी असते.

ममताबेनने काही विचारलं नाही आज. नुसती गिलकी देऊन गेली.

९ ऑगस्ट, शनिवार. पौर्णिमा

रोट आज संपवायचा. बाहेरच्याला देता येत नाही, टाकताही येत नाही. सोनीने विकीची राखी खिडकीच्या गजाला बांधली, बुटांच्या वर.

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबू. वाल्मिकने डबा खाली घेतला आणि पुढ्यात घेऊन बसला. रोट वाळून कडक झाला होता, मोडताना आवाज झाला. अर्धा मला दिला. अर्धा स्वतः खाऊ लागला. गेल्या वर्षी विकीच्या वाट्याला हात लावला नव्हता.

बाहेर झड लागलेली. खाता खाता म्हणाला, आई, असल्या पावसात गुडघा ठणकत असेल गं त्याचा. आणि ते जिने चढायचे.

मी व्यायामाचं सांगणार होते. तोंडात घास होता.