टिचकीची जागा

स्मृति नगर, भिलाई
१५ नोव्हेंबर १९८७

चि. देवानंद,

गेल्या रविवारी, आठ तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू माझ्या घरात गुन्हा केलास. वर हसून म्हणालास, "काकू, कावून जुनं जपून राहिली? हे घे, तीच पियानोची रेकॉर्ड, पण नवी कोरी, स्टिरिओ!" माझी चरा पडलेली जुनी मोनो रेकॉर्ड तू आधीच सुपेला बाजारातल्या भंगारवाल्याला देऊन आला होतास.

तीस वर्षं मी शाळेत पोरांना विचारून वस्तू घ्यायला शिकवलं. घरचाच पोरगा नापास निघाला.

नवी रेकॉर्ड सुरेख आहे, पण ती कुठेच अडत नाही. जुनी एका जागी अडायची, तेच सूर पुन्हा पुन्हा वाजायचे. मग तुझे काका उठून प्लेयरच्या पेटीवर टिचकी मारायचे. "तुह्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनं पुन्हा गिरवाले लावलं वाट्टे!" असं, मला लहानपणी पियानो शिकवणाऱ्या सिस्टरवरून चिडवायचे. ते गेल्यावर टिचकी मी मारायची. सुरांमधली ती जागा लक्षात ठेवावी लागली नाही, कारण रेकॉर्डच सांगायची. आता आठवडाभर बोट उचलून बसते आणि पियानो तसाच पुढे निघून जातो.

लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून तू रेकॉर्ड अडायच्या आधीच बोट उचलायचास. तुला ती जागा ठाऊक असणार.

तुला लिहिलेली आधीची तीन पत्रं न टाकता कपाटातच ठेवली आहेत. हेही बहुधा तिथेच जाईल. तरीही ३० नोव्हेंबरला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव, टिचकी कुठे मारायची.

तुझी रागावलेली,
रत्नमालाकाकू