टरफलांचा डबा

आई,

अंडी घेऊन प्रयोगशाळेत गेलेय, दुपारपर्यंत येईन. कोंबड्यांना दारामागच्या नव्या पोत्यातलंच खाद्य घाला. तुमचा अंड्यांच्या टरफलांच्या कुटाचा डबा मी लपवलाय, शोधत बसू नका. जुन्या खाद्यातलं शिसं टरफलात साठतं आणि आपण तीच टरफलं कुटून कोंबड्यांना परत चारत होतो. मागच्या तपासणीत अंड्यांतलं शिसं निम्म्यावर आलं होतं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, असंच कमी होत गेलं तर एकही कोंबडी मारावी लागणार नाही, तुमची लाडकी लंगडीसुद्धा.

काल तुमच्या काटकसरीवर मी नको ते बोलले. ते स्वस्तातलं जुनं खाद्य मीच पसंत केलं होतं, तुमच्या लेकाने नव्हे.

आता जेवून घ्या. रुसायचंच असेल तर मी आल्यावर समोरासमोर रुसा.