वायरीवरचं सोवळं

अहो,
मेन मी बंद केला आहे, लावू नका. मामंजींसमोर बोलवत नाही, म्हणून लिहून ठेवून देवळात जाते.

कारखान्यातला फ्यूज सकाळी उडतो आणि दुपारी सगळं ठीक असतं, त्याचं कारण आज दिसलं. मामंजी ओलं सोवळं घरावरून कारखान्यात जाणाऱ्या तुमच्या वायरीवर वाळत घालतात. तिथे वायरीचं वेष्टण झिजलंय, आणि सोवळ्याचं टोक पत्र्याला टेकतं. विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, त्या तारेला घरात कुणी शिवत नाही. इतकी शुद्ध जागा दुसरी कुठली?" एखाद्या दिवशी झटका बसेल त्यांना! माझं ऐकत नाहीत, तुम्हीच सांगा.

आणि ह्याच फ्यूजपायी गफूर मिस्त्रींना काल हलगर्जी म्हणून घालवलंत. आजच कामशेतला जाऊन त्यांना घेऊन या. ते कारखान्यात आल्याशिवाय मी आजचा सोमवारचा उपास सोडणार नाही.

द्वारका